चाळीस मिलिसेकंद

केतकी हावळ कॅमेऱ्यासमोर बसली की घरात कुणाची टाप नव्हती आवाज करायची. आईनं कुकर लावायचा नाही, शेजारच्या काकूंनी दारावर थाप मारायची नाही, आणि गल्लीच्या टोकाला दिवसभर खडखडणारे माग तेवढे बंद करता येत नाहीत म्हणून तिनं गादी उभी करून खिडकीला टेकवलेली.

"नमस्कार मंडळी! 'बटणं आणि भजी'मध्ये स्वागत आहे. मी केतकी, दहावी ब, इचलकरंजी. आणि आज माझ्या मनगटावर कोण आलंय बघा!"

मनगटावर होती चपळा-३. रुमालाच्या घडीइतकी रुंद, काळी, आतून बारीक चकचकीत ठिपके असलेली पट्टी. कंट्रोलर हातात धरून खेळायचे दिवस संपत आले होते. केतकीच्या मते तर ते संपायलाच हवे होते. "कंट्रोलर म्हणजे हातात वीट घेऊन नाचणं," असं तिनं मागच्याच व्हिडिओत जाहीर केलं होतं. तिची मतं अशी खणखणीत असायची. ड्रोन उडवायच्या 'भिरभिर' गेमला तिनं पाचपैकी साडेचार भजी दिली होती. ज्या गेममध्ये पहिली दहा मिनिटं नुसती गोष्ट सांगतात, त्यांना ती सरसकट एक भजं द्यायची, तेही गार.

दोन वर्षांपूर्वी हीच केतकी शेवटच्या बाकावर बसायची. आत्याच्या घरी मुलं खेळत असली की ही मागं उभी राहून बघायची, कारण 'मुलींना काय कळतंय त्यातलं.' आता त्याच घरातली मुलं नवी पट्टी घ्यायच्या आधी तिला विचारत. एवढी चव जिभेला लागल्यावर माणूस जरा मोठ्यानं बोलणारच.

व्हिडिओ चढवला की दोन मिनिटांत पहिला लाईक यायचा. तो अण्णांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा. हे ठरलेलं. कधी कधी तो यायचा, जायचा, परत यायचा. "अण्णा, एकदाच दाबायचं असतंय ओ!" ती स्वयंपाकघरातून ओरडायची. "दाबलं की गं बाई, दाबलं," अण्णा म्हणायचे.

चपळाचं शास्त्र तसं सोपं आहे. आपण बोट हलवायचं ठरवतो तेव्हा मेंदूचा निरोप नसेतून हातात येतो आणि स्नायूत विजेची एक बारीकशी लहर उठते. ती लहर उठते आणि मग बोट हलतं. मधे थोडा वेळ जातो, साधारण पन्नास मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा विसावा भाग. पट्टी ती लहर कातडीवरूनच वाचते, त्यामुळे बोट हलायच्या आधीच गेममधला बाण सुटलेला असतो. उलट दिशेनंही ती काम करते. गेममध्ये दोर पकडला तर पट्टी मनगटाच्या नसेला हलके ठोके देते आणि दोर खरंच हातात आल्यासारखा वाटतो.

पण प्रत्येकाच्या हाताची लहर निराळी. म्हणून नवी पट्टी घातली की आधी सात मिनिटं सेटअप करायचा असतो. हवेत गोल काढा, 'सुई-दोरा' नावाच्या सरावाच्या खेळात कडीतून दोरा ओवा, असलं काहीबाही. केतकी सेटअप कधीच करायची नाही. "सेटअप म्हणजे लग्नातली भाषणं," ती म्हणायची. "स्किप करा आणि पंगतीला बसा."

चपळा-३ तिच्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते, पण मधे सहामाही परीक्षा आली आणि पट्टी टेबलाच्या खणात पडून राहिली. परीक्षा संपल्यावर तिनं ती मनगटावर चढवली, सेटअप स्किप केला, 'भिरभिर' सुरू केला आणि ड्रोन सरळ पाण्याच्या टाकीवर आपटला. परत उडवला, परत आपटला. पट्टी जणू विचार करून वागत होती. तिनं मोजलं. प्रत्येक हालचालीला चाळीस मिलिसेकंद उशीर.

"चाळीस!" ती कॅमेऱ्याकडे बघून किंचाळली. "मंडळी, चाळीस मिलिसेकंदांत समोरचा तुम्हाला मारून, वर दात काढून निघून गेलेला असतो! कंपनी म्हणते, ही पट्टी हाताची थरथर ओळखते, थांबून बघते, आणि मगच हुकूम पाळते. अहो, पण आमचे हात थरथरतच नाहीत! मग आम्ही कुणासाठी थांबायचं?"

आणि मग तिला पट्टीच्या आठवणीत एक रत्न सापडलं. 'पाहुणा' नावाच्या खात्यात कुणीतरी 'सुई-दोरा' खेळून ठेवला होता. त्या हाताची रेघ पडद्यावर आली ती करवतीच्या दातांसारखी, वरखाली, वरखाली. कडी राहिली एकीकडे, दोरा भलतीकडेच.

रिव्ह्यूची पट्टी नवीकोरी नसते. एकाचं मत देऊन झालं की कंपनी तीच दुसऱ्याकडे पाठवते. आपल्या आधी ती पुण्याच्या कुणा रिव्ह्यूवाल्याकडे होती, हे केतकीला माहीत होतं. म्हणजे हा तोच!

"आईशप्पथ, हे बघा!" तिनं ती रेघ पडदाभर मोठी केली. "पुण्यात एवढी थंडी पडली का हो? काय कुडकुडतोय बिचारा! सुईत दोरा ओवतोय की दह्यात रवी घुसळतोय? मंडळी, ह्या कुडकुड्यासाठी आपण सगळ्यांनी चाळीस मिलिसेकंद थांबायचं. चपळा-३ ला पाचपैकी अर्धं भजं. तेही कुडकुड्याच्या हातून सांडलेलं!"

एडिटिंग करायला तिची वर्गमैत्रीण झोया मुल्लाणी होती. तिनं त्या रेघेवर दात वाजल्याचा आवाज टाकला. दोघी हसून हसून आडव्या झाल्या.

व्हिडिओ चढला. पहिला लाईक आला, गेला, आला.

चार दिवसांत ऐंशी हजार लोकांनी तो बघितला. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मुलं हात थरथरवून 'कुडकुड्या, कुडकुड्या' करायला लागली. एकानं फळ्यावर करवतीची रेघ काढली आणि खाली लिहिलं, 'हा पेपर कुडकुड्यानं तपासला.' सर हसले. केतकीकडे बघून हसले! दुसऱ्या शाळेतल्या मुली मधल्या सुट्टीत फाटकाशी येऊन तिच्याबरोबर फोटो काढून गेल्या. राज्यभरच्या खेळाडूंनी कंपनीच्या पानावर एकच धोशा लावला: थांबणं बंद करा.

दहाव्या दिवशी कंपनीनं अपडेट काढली. 'खेळाडूंच्या आग्रहाखातर' थरथर ओळखून थांबायची सोय काढून टाकली. केतकीनं पट्टी चार्जिंगला लावली, अपडेट चढवली आणि घरभर नाचली. "आई, कंपनीनं माझं ऐकलं! माझं!"

"बरं झालं. आता भांडी लाव," आई म्हणाली.

अण्णा दारात चप्पल घालत होते. ते थोडे थांबले. "ती पट्टी व्हय गं?"

"हो! आता एकदम सुसाट!"

"असं," म्हणाले, आणि गेले.

अण्णांचं काम वहिफणीचं. मागावर नवा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, चढवायच्या आधी त्यावरचा प्रत्येक धागा आकडीनं ओढून आधी वईच्या, म्हणजे उभ्या तारेच्या, डोळ्यातून आणि मग फणीच्या फटीतून न्यावा लागतो. असे हजारो धागे, आणि एक चुकला की सगळ्या कापडावर रेघ उठते. मोठ्या गिरण्यांत त्याला यंत्रं आली होती, पण नक्षीच्या कापडाचे छोटे कारखाने अजून माणसाच्या बोटांवर चालायचे. बीमच्या मागं एक जण बसून धागा पुढं करतो, समोरचा आकडीनं ओढतो. ओढायला अण्णा, धागा द्यायला झोयाचे अब्बू, रफिकचाचा. एकवीस वर्षं दोघं असे समोरासमोर बसत आले होते.

त्या आठवड्यात अण्णा कामावरून उशिरा यायला लागले. चहाचा कप सोडून स्टीलच्या पेल्यातून चहा घ्यायला लागले, पेला दोन्ही हातांत धरून. केतकीनं ते बघितलं आणि बघितलं नाही. एका संध्याकाळी अण्णांनी विचारलंही, "केतू, त्या पट्टीतलं जुनं परत आणता येतंय का गं?"

"जुनं?" ती हसली. "अण्णा, जुनं म्हणजे तो कुडकुड्याचा काळ! कशाला पायजे?"

"न्हाई, उगंच. तू म्हणलीस तसं."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती पुढच्या व्हिडिओला बसली. कल्पना झकास होती: अपडेटच्या आधीची पट्टी आणि नंतरची पट्टी, मधे आपला लाडका कुडकुड्या. ती रेघ पुन्हा काढायला तिनं लॅपटॉपवर उतरलेलं पाहुण्याचं खातं उघडलं आणि घाईत यादी खालपर्यंत सरकली. तिला वाटलं होतं तिथं एकच खेळ असेल. होते पंचवीस-तीस.

आणि प्रत्येकासमोर तारीख होती.

पहिली तारीख पट्टी घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसाची. पुणं नाही. इथं. ह्या खणात असताना. तिनं वेळा बघितल्या. सव्वाअकरा, पावणेबारा, कधी दोन. सगळ्या शाळेच्या वेळा. रविवारी एकही खेळ नाही, कारण रविवारी ती घरी असायची.

ती एकेक रेघ उघडत गेली. पहिली करवतीची, जिच्यावर ऐंशी हजार लोक हसले होते. तिसऱ्या दिवशी दात जरा बोथट झालेले. सातव्या दिवशी दोरा पहिल्यांदा कडीतून गेला. अकराव्या दिवसापासून खेळांच्या मधे मोठ्या नोंदी होत्या, तीन-तीन तासांच्या: 'खेळ नाही, पट्टी चालू.' एकोणिसाव्या दिवशी रेघ सरळ होती. ताणलेल्या धाग्यासारखी सरळ. केतकीची स्वतःची रेघ एवढी सरळ नव्हती.

मग अपडेटची तारीख. आणि पुढच्या दिवशी पुन्हा करवत.

तिनं खण ओढला. पट्टी जागेवर नव्हती. तळाशी तिच्याबरोबर आलेला कागद होता. तिनं तो कधी उघडला नव्हता, पण आता तो उघडलेला होता आणि परत त्याच घड्यांवर नीट मिटलेला. पान दोनवर एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती, तीही वेडीवाकडी. 'पट्टी वापरणाऱ्याची थरथर शिकते, ती आणि खरी हालचाल वेगळी ओळखण्यापुरती थांबते, आणि थरथरीच्या उलट लयीत नसेला ठोके देऊन ती शांत करते.' त्याच्याखाली ठळक अक्षरांत: 'सेटअप न केल्यास पट्टी शेवटच्या वापरणाऱ्याचाच हात गृहीत धरेल.'

म्हणजे ते चाळीस मिलिसेकंद पट्टीचे नव्हतेच. पट्टी अण्णांचा हात शिकली होती. केतकीनं ती घातली, आणि ती बिचारी अण्णा समजून तिच्यासाठी थांबत राहिली.

केतकीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खोलीत कुणी नव्हतं तरी तिला कुणीतरी बघतंय असं वाटलं. तिनं लॅपटॉपचं झाकण लावलं, चपला अडकवल्या आणि गल्लीच्या टोकाच्या कारखान्याकडे धावत सुटली.

माग त्या दिवशी बंद होते. मागच्या खोलीत ट्यूबलाइटखाली बीम ठेवलेला, पांढऱ्या धाग्यांचा पडदा वरून खाली आलेला, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन माणसं. केतकी दाराच्या अलीकडेच थांबली.

अण्णांच्या शर्टाच्या बाहीखालून पट्टीची काळी कड दिसत होती. आज शाळा सकाळची आहे हे ते विसरले असावेत. त्यांनी आकडी वईच्या डोळ्याकडे नेली. आकडी डावीकडे गेली, उजवीकडे गेली, तारेवर टकटक वाजली. पलीकडे रफिकचाचा दोन बोटांत धागा धरून बसले होते. काही बोलले नाहीत, हुं केलं नाही. आकडी येईपर्यंत धागा धरून राहिले. आकडी डोळ्यातून गेली, धाग्याला लागली आणि धागा तुटला.

"मालक येऊन गेला का रं?" अण्णांनी हळू विचारलं.

"नाही आला. तू बघ तुझं. मी धरलाय." चाचांनी दुसरा धागा पुढं केला.

केतकी तिथं किती वेळ उभी होती तिला सांगता आलं नसतं. तिनं मोजलं नाही. मिलिसेकंदांत मोजण्यासारखं ते नव्हतंच.

शेवटी चाचांना ती दिसली. "अरे, बेटी! ये की आत." अण्णांनी चटकन बाही खाली ओढली. ती एवढीशी हालचाल बघून केतकीला रडू फुटलं.

अण्णा तिला बाहेर कट्ट्यावर घेऊन आले. दोघं बसले. अण्णांनी उजवा हात मांडीखाली घातला होता.

"कधीपासून आहे हे?"

"झालं की वर्ष. दवाखान्यात दावलंय. कंपवात न्हवं म्हणाले, नुसती थरथर. गोळीनं झोप येती, आकडी हातातनं पडती. मग तुझी पट्टी एकदा गंमत म्हणून घातली." ते ओशाळं हसले. "तुला न विचारता घेतली. चुकलंच माझं."

"तुमचं चुकलं?" केतकीचा आवाज चिरकला. "अण्णा, तुम्ही तो व्हिडिओ बघितलात?"

"तुझे सगळे बघतो मी."

"तुम्हाला कळलं ती रेघ कुणाची ते?"

"माझा हात मला कळत न्हाई व्हय?"

"मग लाईक कशाला दिलात ओ?"

अण्णांनी जरा विचार केला. "छान बोलली होतीस की. आडखळली न्हाईस कुठं. पैली किती लाजायचीस." मग म्हणाले, "दह्यात रवी म्हणालीस न्हवं, तवा मलाबी हसू आलं."

तिला वाटलं, त्यांनी एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

"मी सांगते कंपनीला. सगळ्यांना सांगते, की तो हात—"

"माझं नाव न्हाई घ्यायचं." अण्णांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "मालकाला कळलं की आकडी गेली हातातनं. रफिकचंबी काम जाईल, जोडी हाय आमची. काय करायचं ते कर, पर नाव न्हाई."

तिनं कंपनीला लिहिलं. उत्तर तासाभरात आलं, गोड आणि गुळगुळीत. जुनी आवृत्ती एकट्यादुकट्या पट्टीत परत घालता येत नाही. सोय पुन्हा आणायची तर तशी मागणी दिसली पाहिजे. सध्या खेळाडूंचा कल उलटा आहे, आणि सोबत पुरावा म्हणून एक दुवा जोडला होता. तिच्याच व्हिडिओचा.

रविवारी सकाळी तिनं झोयाला बोलावलं. ह्या वेळी कुकर लावू नको असं आईला सांगितलं नाही. गादीही उभी केली नाही.

"खुळी झालीस का?" सगळं ऐकून झोया म्हणाली. "सेटअप स्किप केला असं स्वतःच्या तोंडानं सांगणार? रिव्ह्यू करणारी पोरगी आणि तिनं कागदच वाचला नाही? जन्मभर चिडवतील तुला. तो व्हिडिओ गपचूप डिलिट कर, विषय संपला."

"डिलिट केला तर कंपनीला कोण सांगणार, की ते चाळीस माझे होते?"

झोया खाली बघत म्हणाली, "दात वाजल्याचा आवाज मी टाकला होता. अब्बूंना रोज दिसत होतं ते. घरी एक शब्द बोलले नाहीत."

"म्हणूनच तू कॅमेरा धर. हलवू नकोस."

केतकीनं तोंडावरचे केस मागं सारले. नेहमीचं 'नमस्कार मंडळी' तोंडात आलं, पण बाहेर पडलं नाही.

"मी केतकी. चपळा-३ बद्दल मी जे बोलले ते चूक होतं. पट्टी सावकाश नव्हती. मी सेटअप केला नाही, कागद वाचला नाही, आणि दुसऱ्या माणसाचा हात शिकलेली पट्टी घालून तिला नावं ठेवली. आणि ती रेघ." ती थांबली. मागून मागांची खडखड येत राहिली. "तो हात थंडीनं कापत नव्हता. तो कुणाचा ते मी सांगणार नाही. तो एकोणीस दिवस शिकत होता, आणि एकोणिसाव्या दिवशी माझ्यापेक्षा सरळ झाला होता. ही बघा ती रेघ. मी तुम्हाला पहिलीच दाखवली. पुढं बघितलंच नाही मी. त्या हाताला हसायला मी तुम्हाला शिकवलं, आणि मग त्याची पट्टी काढून घेतली. मला लाज वाटते. कंपनीला सांगा, थांबायची सोय परत द्या. ज्याला नको त्यानं बंद करावी. पण ज्याला हवी आहे त्याला असू दे. आज भजी नाहीत."

तिनं व्हिडिओ चढवला. मिनिटाच्या आत खाली कुणीतरी लिहिलं, 'कंपनीनं विकत घेतली वाटतं.' दुसऱ्यानं लिहिलं, 'कागद न वाचता रिव्ह्यू? वा रे वा.' तिसऱ्यानं नुसते दात वाजवणारे चेहरे टाकले. केतकी वाचत राहिली. हे वाचणं आपल्याच वाट्याचं आहे, हे तिला ठाऊक होतं.

लाईकच्या जागी शून्य होतं. दोन मिनिटं झाली. पाच झाली. अण्णा बाहेरच्या खोलीत होते, पडदा ओढलेला होता.

मग शून्याचा एक झाला.

एकाचा शून्य झाला. परत एक. परत शून्य. आज ते नेहमीपेक्षा जास्त वेळ चाललं होतं. पडद्यापलीकडून फोनच्या काचेवर अंगठ्याची टकटक ऐकू येत होती, वईच्या तारेवर आकडी वाजावी तशी.

"एकदाच दाबायचं असतंय—" असं म्हणायला झोयानं तोंड उघडलं. केतकीनं तिच्या हातावर हात ठेवला.

एक. शून्य. एक. शून्य.

ती थांबली. त्यांचा अंगठा स्थिर होईपर्यंत, त्यांना हवा तेवढा वेळ, आकड्यावरची नजर न हलवता ती थांबून राहिली.

एक.